जुन्या सदनिकेत विजेवर चालणारी बिडेट सीट बसवताना: अर्थिंग, पाण्याचा दाब आणि मे महिन्यातले टाकीचे पाणी

त्रिमूर्तीनगरकर :

नमस्कार मंडळी. वडिलांना अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्यापासून त्यांचा उजवा हात नीट चालत नाही. कमोडवर बसणे-उठणे त्यांना जमते, परंतु जेट स्प्रे डाव्या हाताने धरला की नेम चुकतो आणि पाणी सगळीकडे उडते. या कामासाठी दुसऱ्या कुणाची मदत घ्यायची म्हटले की ते संकोचतात, आणि त्यांचा संकोच समजण्यासारखा आहे. म्हणून सध्याच्याच कमोडवर बसणारी, बटण दाबले की कोमट पाण्याने स्वच्छता करणारी विजेवरची बिडेट सीट घ्यावी, असा विचार आहे. अमेरिकेतली चुलतबहीण दिवाळीला येणार असून येताना तिकडची चांगली सीट आणते म्हणते.

आमची नागपुरातली सदनिका नव्वदच्या दशकातल्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आहे. वर आणखी एक मजला आणि त्यावर गच्चीत सामाईक टाकी. संडास आणि न्हाणी एकत्रच आहेत. गिझरचा पॉवर प्लग दाराच्या वर आहे आणि कमोडच्या जवळपास एकही प्लग नाही. एक्स्टेन्शन बोर्ड लावला की अर्ध्या तासात सीट सुरू होईल, असे दुकानदाराचे म्हणणे आहे. ते मला पटत नाही. सीट घेण्यापूर्वी घरात नेमके काय काय तपासून घ्यावे, हे जाणकारांनी सांगितल्यास आभारी राहीन.

शून्यमैल :

मी वीज क्षेत्रातून निवृत्त झालेला अभियंता आहे, त्यामुळे विजेपुरते लिहितो. पाण्याचे इतर सदस्य सांगतीलच.

एक्स्टेन्शन बोर्ड न्हाणीघरात नको, यावर चर्चेची गरज नाही. अमेरिकेहून सीट आणण्याचा बेतही सोडून द्यावा. तिकडची घरगुती वीज १२० व्होल्टची, आपली २३० व्होल्टची. हीटरची शक्ती व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे ती सीट चुकून थेट आपल्या प्लगला लागली तर तिच्यावर साडेतीन पटींहून जास्त भार येईल. मधे ट्रान्सफॉर्मर लावता येतो, परंतु दीड किलोवॅट पेलणारा, तापणारा आणि जड ट्रान्सफॉर्मर ओल्या खोलीत ठेवायचा कुठे? शिवाय उद्या सीट बिघडली तर तिचा सुटा भाग आणि हमी, दोन्ही सातासमुद्रापार. बहिणीला त्याऐवजी दुसरे काही आणायला सांगा.

भारतात मिळणाऱ्या विजेवरच्या सीट साधारण दोन प्रकारच्या असतात. पहिलीत एक लहानशी टाकी असते आणि तिच्यातले पाणी आधीच कोमट करून ठेवलेले असते. तिचा भार तुलनेने कमी असतो. दुसरी पाणी वाहत असतानाच तापवते आणि तेवढ्या वेळापुरती १२०० ते १४०० वॅट किंवा त्याहूनही जास्त शक्ती ओढू शकते. १४०० वॅट म्हणजे २३० व्होल्टला सहा अँपिअरच्या किंचित वर. त्यामुळे दिव्यापंख्याच्या बोर्डावरच्या ६ अँपिअरच्या प्लगमधून ती चालवू नये. गिझरच्या प्लगमधूनही घेऊ नये, कारण २००० वॅटचा गिझर स्वतःच पावणेनऊ अँपिअरच्या आसपास घेतो आणि दोन्ही एकाच वेळी चालू झाले की ती तार आणि तो प्लग अगदी मर्यादेला टेकतात. मुख्य बोर्डापासून २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने स्वतंत्र सर्किट ओढावे, त्यावर स्वतंत्र एमसीबी (भार वाढला की पडणारा खटका) असावा, आणि कमोडच्या बाजूला, शॉवर व बादलीपासून लांब, झाकण असलेला १६ अँपिअरचा प्लग बसवावा. त्याचा स्विच न्हाणीघराच्या बाहेर घ्यावा. शॉवरच्या जागेपासून किमान ६० सेंटिमीटरपर्यंत प्लग असू नये, असा आंतरराष्ट्रीय नियमांचा आधार आहे. आपली न्हाणीघरे लहान असल्याने जितके लांब जाता येईल तितके जावे. सीटची वायर बहुधा आखूड असते, म्हणून प्लगची जागा ठरवण्याआधी वायर कुठल्या बाजूने निघते आणि किती लांब आहे, हे सीटच्या पुस्तिकेत पाहून घ्यावे. भिंतीला खाच मारून झाल्यावर वायर चार बोटे कमी पडली की माणसे पुन्हा एक्स्टेन्शनकडे वळतात.

आता खरा मुद्दा. नागपुरात कूलरचा शॉक म्हणजे काय, हे कुणाला समजावून सांगावे लागत नाही. दर उन्हाळ्यात महावितरणची तीच सूचना येते की तीन पिनांचा प्लग वापरा, अर्थिंग तपासा, पाणी भरण्यापूर्वी वीज बंद करा. आणि तरीही विदर्भात कुठे ना कुठे कूलरपायी जीव जातोच. बिडेट सीट ही त्याच जातीची वस्तू आहे. पाणी, वीज आणि ओल्या अंगाचा माणूस तिथेही एकत्र येतात. कूलरला आपला फक्त हात लागतो, सीटवर आपण बसतो. म्हणून ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (इतकी वीज गळताच पुरवठा तोडणारा खटका) आणि खरे अर्थिंग या दोन गोष्टी नसतील, तर सीट विकतच घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

एमसीबी जास्त भार आणि शॉर्ट सर्किट यांपासून तारेचे रक्षण करतो. माणसाच्या अंगातून जमिनीत जाणारा थोडासा प्रवाह त्याला कळतही नाही. तो प्रवाह ओळखून वीज तोडण्याचे काम आरसीसीबीचे. जुन्या इमारतीत पूर्ण घरासाठी मिळून १०० किंवा ३०० मिलीअँपिअरचा लावलेला आढळतो; तो आगीपासून बचावासाठी ठीक, माणसासाठी नाही. या सर्किटवर ३० चाच हवा. सीटमध्ये इलेक्ट्रॉनिक भाग असल्याने ‘टाइप ए’ प्रकारचा घेतल्यास उत्तम. दोन्ही कामे एकत्र करणारा आरसीबीओ घेतलात तर बोर्डात जागाही वाचते.

त्रिमूर्तीनगरकर :

इतक्या तपशिलाबद्दल मनःपूर्वक आभार. आमच्या गिझरच्या प्लगला तिसरी पिन आहे, म्हणजे अर्थिंग आहे असे धरावे का? आमच्या नेहमीच्या वायरमनने टेस्टर लावून “सगळे ठीक आहे” असे सांगितले.

शून्यमैल :

नाही धरायचे. टेस्टरचा दिवा फक्त फेज, म्हणजे वीज आणणारी तार, दाखवतो. तिसऱ्या पिनच्या मागे तार जोडली आहे की नाही, आणि जोडली असेल तर ती कुठे जाते, हे त्यावरून कळत नाही. फेज आणि अर्थ यांच्यामध्ये दिवा लावून पाहणे ही जुनी पद्धत, परंतु एका ठिकाणी तीही फसवते: प्लगच्या आतच न्यूट्रलपासून, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेपासून, तारेचा तुकडा काढून अर्थच्या पिनला जोडून दिलेला असेल, तर दिवा झकास पेटतो. जुन्या सदनिकांमध्ये ही चलाखी मी बऱ्याचदा पाहिली आहे. ती अतिशय घातक आहे. मागे कुठे न्यूट्रल तुटला, तर सीटच्या धातूच्या भागांवर थेट फेज येतो. आणि खरे अर्थिंग नसल्यामुळे सीटमधली विजेची गळती त्या तुकड्यातून न्यूट्रलनेच परत जाते, त्यामुळे आरसीसीबीला ती दिसतच नाही. म्हणजे बोर्डात महागडे उपकरण आहे आणि ते आंधळे आहे.

परवानाधारक विद्युत कंत्राटदाराकडून तपासणी करून घ्या. मेन स्विचने फेज व न्यूट्रल दोन्ही तोडल्यावर प्लगमधला न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात मीटर जोड दाखवत असेल, तर तो तुकडा कुठेतरी आहे हे समजावे. त्याला प्लग उघडून दाखवायला सांगा आणि शेजारी उभे राहा. इमारतीच्या अर्थिंगच्या खड्ड्याचा रोधही मोजून घ्या. आपल्याकडे उन्हाळ्यात जमीन कोरडीठाक पडते आणि पावसाळ्यात चांगला आलेला आकडा मे महिन्यात टिकत नाही.

इतवारी_वायरिंग :

मी वायरिंगची कामे घेतो. शून्यमैल सरांच्या म्हणण्याला दुजोरा देऊन एक भर घालतो. न्यूट्रल-अर्थचा असा जोड असलेल्या घरात खरी अर्थची तारही जोडलेली असेल, तर नवा आरसीसीबी बसवताच तो वारंवार पडू लागतो. मग ग्राहक म्हणतो की तुमचा आरसीसीबीच खराब आहे, काढून टाका. आणि काही जण काढूनही देतात. पडणारा आरसीसीबी दोष दाखवत असतो. एकेक सर्किट सोडवून दोष शोधायला कधी अर्धा दिवस जातो, त्याची मजुरी देण्याची तयारी ठेवावी.

अंबाझरीकाठ :

पाण्याविषयी लिहितो. माझा व्यवसाय प्लंबिंगच्या कामांच्या देखरेखीचा आहे.

आधी दाब. बहुतेक सीटना किमान ०.५ ते ०.७ बारच्या आसपास दाब लागतो. नेमका आकडा पुस्तिकेत असतो. पाण्याची उंची दहा मीटर असेल तेव्हा साधारण एक बार मिळतो. तुमच्या बाबतीत दोन मजल्यांचे सहा मीटर, त्यात टाकीच्या चौथऱ्याची उंची मिळवून आणि सीटची उंची वजा करून सात मीटरच्या आसपास, म्हणजे ०.७ बार येईल. जेमतेम चालेल. सकाळी वरच्या मजल्याचे नळ एकदम सुटले की धार मंदावेल, हे गृहीत धरा. जेट स्प्रेच्या जोडणीवर दाबमापक लावून सकाळी सात वाजता मोजा; दुपारच्या आकड्याला अर्थ नाही. सगळ्यात वरच्या मजल्यावर राहणाऱ्यांना मात्र तीन-चार मीटरच उंची मिळते, तिथे लहान प्रेशर पंपाशिवाय सीट नीट चालत नाही.

जोडणी साधी आहे. फ्लश टँकला पाणी देणारा अँगल कॉक बंद करायचा, टँक रिकामा करायचा, कॉक आणि कनेक्शन पाइप यांच्यामध्ये सीटबरोबर आलेला टी (पाण्याला दोन वाटा देणारा तीन तोंडांचा जोड) बसवायचा. टीवर सीटसाठी वेगळा कॉक असेल तर फार बरे, कारण गळती झाल्यास फ्लश बंद न करता सीटचे पाणी तोडता येते. रबरी वॉशरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नये. ती फक्त आट्यांवर पाणी अडवायचे असते तिथे. पान्याने जोर लावून प्लॅस्टिकची चकती तडकवणे हा आपल्याकडचा नेहमीचा प्रकार आहे, हाताने घट्ट करून वर पाव फेरा पुरतो. अमेरिकन जोडणीबद्दल एक सांगतो, कारण बरेच जण फसतात: अर्ध्या इंचाच्या तिकडच्या आणि आपल्या आट्यांची संख्या सारखीच, इंचाला चौदा, परंतु आट्यांचा कोन वेगळा. त्यामुळे फिरवताना बसल्यासारखे वाटते आणि रात्रीतून ठिबकू लागते.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची आहे. सीटला पाणी गच्चीवरच्या टाकीचेच द्यावे, महापालिकेच्या नळाच्या थेट लाइनचे देऊ नये. टाकीत पाणी वरून पडते आणि मधे हवेची पोकळी राहते, त्यामुळे घाण पाणी मागे जाण्याची वाट तुटते. थेट लाइनवर मात्र वस्तीतल्या कुणी टुल्लू पंप लावला की नळात उलटी ओढ तयार होते, आणि संडासातल्या वस्तूला जोडलेल्या नळातून पाणी मागे खेचले जाणे ही कल्पनाही करवत नाही. चांगल्या सीटमध्ये पाणी उलटे जाऊ नये म्हणून झडप किंवा हवेची पोकळी दिलेली असते; तशी सोय आहे का, हे विकत घेतानाच विचारावे. जेट स्प्रेची नळी बादलीत किंवा भांड्यात बुडवून ठेवण्याची सवयही त्याच कारणासाठी सोडावी.

फुटाळा_परिसर :

मी भौतिकोपचार तज्ज्ञ आहे आणि अर्धांगवायूचे रुग्ण रोज पाहते. इथे अजून कुणी न विचारलेला प्रश्न विचारते: नागपूरच्या मे महिन्यात टाकीचे पाणी सीटमध्ये किती तापमानाला येणार?

अंबाझरीकाठ :

नेमका प्रश्न विचारलात. बऱ्याच उत्पादकांच्या पुस्तिकेत सीटमध्ये येणाऱ्या पाण्याची वरची मर्यादा दिलेली असते. ती ३५ अंश किंवा त्याच्या आसपास असते. आपल्याकडे बाहेर पारा ४५ च्या पुढे गेला की गच्चीवरच्या काळ्या टाकीतले आणि उन्हातल्या पाइपमधले पाणी दुपारी सहज त्याच्या वर जाते. नळाखाली हात धरवत नाही, हे आपण सगळे अनुभवतो. सीटचा हीटर बंद केला तरी ती पाणी थंड करू शकत नाही. आले तसे सोडते. काही मॉडेल तापमान जास्त दिसताच धार बंद करतात, सगळी करत नाहीत.

टाकीवर हिरव्या जाळीची सावली करणे, उघडे पाइप गुंडाळून घेणे आणि शक्य असल्यास उष्णतारोधक थर असलेली टाकी घेणे, एवढे उपाय आहेत. सामाईक टाकी असल्याने सोसायटीला पटवावे लागेल. मे महिन्यात ते फारसे अवघड जात नाही. पाइपमध्ये साचलेले पाणी सगळ्यात गरम असते, म्हणून वापरण्यापूर्वी त्याच लाइनचा जेट स्प्रे थोडा वेळ सोडून द्यावा.

फुटाळा_परिसर :

आभारी आहे. माझी काळजी अशी की अर्धांगवायूनंतर किंवा जुन्या मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते. पाणी भाजते आहे, हे वडिलांना कळेलच असे नाही. म्हणून एप्रिलपासून जूनपर्यंत दुपारच्या वेळी घरातल्या कुणीतरी जेट स्प्रेचे पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन पाहावे, ते गरम लागले तर सीटचा कॉक बंदच ठेवावा आणि बादलीतले सावलीत ठेवलेले पाणी वापरावे.

हिवाळ्यात गोष्ट उलटते. २९ डिसेंबर २०१८ रोजी नागपुरात ३.५ अंश नोंदले गेले होते. अशा पहाटे गरम सीट फारच सुखद वाटते आणि माणूस तिच्यावर वेळ काढतो. परंतु हाताला नुसते उबदार वाटणारे तापमानही त्वचेला बराच वेळ चिकटून राहिले तर भाजू शकते, आणि जाणीव कमी असलेल्या माणसाला ते उशिरा कळते. सीटची ऊब सर्वांत खालच्या पायरीवर ठेवावी. वडील जास्त वेळ बसत असतील तर बसल्यावर ती बंद करावी. पाण्याची धारही मंदच ठेवावी, विशेषतः मूळव्याध असेल किंवा रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर.

शिवाय नियंत्रण कुठल्या हाताला येते ते पाहा. बाजूला पट्टी असलेल्या बहुतेक सीटची बटणे बसलेल्या माणसाच्या उजव्या हाताला येतात. तुमच्या वडिलांना डाव्या भिंतीवर लावता येणारा रिमोट हवा. आधाराचा दांडाही डावीकडेच बसवा, तो सीटच्या आधी.

धरमपेठ_चौक :

मला वाटते आपण सगळे मिळून या गृहस्थांना घाबरवतो आहोत. विजेशिवाय चालणारी बिडेटची जोडणी मिळते. कमोडच्या कडेला एक खटका, खाली नोझल, आणि पाणी टाकीचे. आपल्याकडे वर्षातले बहुतेक महिने पाणी थंड नसतेच. हजार-दोन हजारांत काम होत असताना वायरिंग उकरायचे कशाला?

शून्यमैल :

मुद्दा योग्य आहे, आणि धडधाकट माणसाने विचारले असते तर मीही हेच सुचवले असते. परंतु बिनविजेच्या जोडणीत पुसण्याचे काम हातालाच उरते. विजेच्या सीटमधला गरम हवेचा झोत ते काम वाचवतो. ज्याचा एक हात चालत नाही त्याच्यासाठी तोच भाग मोलाचा आहे. भीतीचे म्हणाल, तर २००७ साली जपानमध्ये टोटो कंपनीने काही सीटमधून धूर निघाल्यानंतर आणि आग लागल्यानंतर १,८०,००० नगांची विनामूल्य दुरुस्ती जाहीर केली होती. १९८० पासून वॉशलेट नावाने अशा सीट विकणाऱ्या कंपनीची ही गोष्ट. कुणी जखमी झाले नव्हते. जळका वास येणे, सीटचा एखादा भाग अवाजवी तापणे, आतून पाणी ठिबकणे यांपैकी काहीही दिसले की स्विच बंद, प्लग बाहेर, आणि कंपनीचा माणूस येईपर्यंत कुणी उघडायचे नाही.

त्रिमूर्तीनगरकर :

सर्वांचे आभार. तपासणी करून घेतली. गिझरच्या प्लगमध्ये न्यूट्रलपासून अर्थच्या पिनला तुकडा जोडलेला निघाला, लाल तारेचा, तोही नुसता पिळून. गिझर तूर्त बंद ठेवला आहे. मुख्य बोर्डापासून अर्थची नवी तार आणि स्वतंत्र सर्किट ओढायला सांगितले असून सीट त्यानंतरच घेऊ. सकाळचा दाब ०.६ बार आला, त्यामुळे किमान ०.५ वर चालणारेच मॉडेल पाहतो आहे. आमचा कमोड भिंतीत टाकी असलेला नाही. परंतु धाकट्या भावाच्या बेसा भागातल्या नव्या घरी तसा आहे आणि तोही विचारतो आहे. तसेच स्वच्छतेबद्दल कुणी सांगावे. आमच्याकडे टँकरचे आणि बोअरचे पाणी मधूनमधून मिसळते.

अंबाझरीकाठ :

भिंतीत टाकी असेल तर तिचा अँगल कॉक बाहेर नसतो. अशा वेळी जेट स्प्रेच्या कॉकवर टी बसवून पाणी घेतात, फरशी फोडायची गरज नसते. मात्र भिंतीला टांगलेल्या कमोडवर सीट बसते का, हे आधी मोजावे: मागच्या दोन भोकांमधले अंतर, भोकांपासून पुढच्या टोकापर्यंतची लांबी, आणि भांड्याचा आकार. भाऊ जर पूर्ण स्मार्ट टॉयलेटच, म्हणजे स्वतंत्र फ्लश टँक नसलेले, घेणार असेल तर त्याला जास्त दाबाबरोबर जास्त प्रवाहही लागतो आणि गच्चीच्या टाकीवर ते पंपाशिवाय क्वचितच चालते. वीज गेल्यावर फ्लश कसा करायचा, हेही त्याने दुकानातच करून पाहावे.

बोअरच्या पाण्याने नोझलच्या भोकांत आणि हीटरवर पांढरा क्षार साचतो. पाणी आत येते तिथली जाळी अधूनमधून काढून धुवावी. नोझल मऊ ब्रशने, पातळ व्हिनेगर लावून साफ करावे. भांड्यासाठी आम्लाचे द्रावण वापरायचे असेल तर झाकण आणि सीट दोन्ही उघडी ठेवून, थोड्या वेळात घासून धुऊन टाकावे. रात्रभर आम्ल घालून झाकण लावून ठेवले तर त्याच्या वाफेने सीटचे प्लॅस्टिक आणि आतले जोड खराब होतात. आणि घरकामाला येणाऱ्या मावशींना बजावून ठेवा की न्हाणी धुताना सीटवर बादली उपडी करायची नाही. सीटवरचे शिंतोडे चालतात, लोंढा चालत नाही.

इतवारी_वायरिंग :

बाहेरच्या स्विचला लाल दिवा असलेला घ्या, म्हणजे सीट चालू आहे की बंद हे दाराबाहेरून कळते. घरचा इन्व्हर्टर लहान असेल तर हे सर्किट त्यावर घेऊ नये. आणि विदर्भातल्या वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग काढून ठेवा.

त्रिमूर्तीनगरकर :

शेवटचा प्रश्न. आरसीसीबीवर टेस्टचे बटण असते, ते कुणी आणि कधी दाबावे?

शून्यमैल :

तुम्हीच, वीज चालू असताना, महिन्यातून एकदा. विजेचे बिल येते त्या दिवशी दाबण्याची सवय लावली तर विसर पडत नाही. दाबताच खटका पडला पाहिजे. आरसीसीबी पूर्ण घराचा असेल तर घड्याळे आणि वायफाय बंद पडते म्हणून घरचे कुरकुरतील, करू द्या. हे बटण आरसीसीबीची यंत्रणा तपासते, अर्थिंग नाही; अर्थिंग वर्षातून एकदा, उन्हाळ्यातच मोजून घ्यायचे. आणि दाबूनही खटका पडला नाही, तर त्याच दिवशी सीटचा स्विच बंद करून आरसीसीबी बदलून घ्यावा, तोवर वडिलांसाठी मग आणि बादली.